चकत्यांवरच्या नेमबाजीची सुरुवात कशी करावी?

रानजाई

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची. गेली 11 वर्षे इंग्लंडमध्ये सरे परगण्यात राहते. वय 44. मागच्या महिन्यात एका मैत्रिणीच्या आग्रहामुळे जवळच्या मैदानावर नवशिक्यांच्या सत्राला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात घेतली. यंत्राने हवेत भिरकावलेल्या चकत्या छऱ्यांच्या बंदुकीने फोडायच्या, असा हा खेळ. 25 पैकी माझ्या 5 फुटल्या. पाचवी फुटली तेव्हा मात्र मला ना आवाज जाणवला, ना खांद्याचा धक्का. आकाशातला तो काळा ठिपका धुळीत विरताना तेवढा दिसला. घरी पोहोचेपर्यंत मनात दुसरे काही नव्हते. हा खेळ नीट शिकायचा, असे मी ठरवले आहे.

अडचण अशी, की सत्र संपताना प्रशिक्षकांनी माझे डोळे तपासले आणि मी उजव्या हाताची असले तरी माझा डावा डोळा प्रबळ आहे, असे सांगितले. त्यांच्या मते मी डाव्या खांद्यावरूनच शिकायला सुरुवात करावी. इतकी वर्षे लिहिण्यापासून पोळ्या लाटण्यापर्यंत सगळे उजव्या हाताने केल्यावर हे जमेल का? शिवाय स्वतःची बंदूक लगेच घ्यावी का, परवान्याचे काय, आणि ट्रॅप, स्कीट व स्पोर्टिंग या खेळाच्या प्रकारांपैकी कुठून सुरुवात करावी, हेही विचारायचे आहे. कुणाला अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

माळढोक

रानजाई, स्वागत. मी 2011 पासून मिडलंड्समध्ये ही नेमबाजी करतो आहे. आधी बंदुकीबद्दल लिहितो, कारण नवशिक्यांचे सर्वाधिक पैसे तिथेच वाया जातात. निदान सहा महिने बंदूक घेऊ नका. ब्रिटिश कायद्यानुसार शॉटगन, म्हणजे छऱ्यांची बंदूक, जवळ बाळगायला पोलिसांचे प्रमाणपत्र लागते. परंतु पोलिसांनी मान्यता दिलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी, केवळ कृत्रिम लक्ष्यांवर नेम धरण्यासाठी दुसऱ्याची बंदूक वापरायला ते लागत नाही. तुमचे सत्र याच तरतुदीखाली झाले असणार, आणि पुढचे धडेही तसेच घेता येतील. प्रमाणपत्र 5 वर्षांसाठी मिळते. त्यासाठी तुमच्या डॉक्टरांकडून आरोग्याची माहिती मागवली जाते, पोलीस घरी येऊन भेटतात आणि बंदूक ठेवण्यासाठी पक्के पोलादी कपाट लागते. यात बरेच महिने जाऊ शकतात, म्हणून अर्ज आधी करावा आणि खरेदी मागाहून करावी.

मी मात्र थांबलो नाही. प्रमाणपत्र हातात पडताच तिसऱ्या आठवड्यात एक जुनी, देखणी दुनळी घेतली. तिचा दस्ता माझ्या अंगाला लांब होता आणि त्याची गालाला टेकणारी वरची कड खाली होती. रायफलीला मागची आणि पुढची अशा दोन माश्या, म्हणजे नेम धरायच्या खुणा, असतात. छऱ्यांच्या बंदुकीला नळीच्या टोकाशी एक मणी असतो. मागची माशी म्हणजे तुमचा डोळा. दस्ता अंगाला बसत नसेल तर डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो, म्हणजे मागची माशी दर वेळी हलते. मी वर्षभर चकत्यांच्या खाली मारत राहिलो आणि दोष माझ्या हातांना देत राहिलो. दस्ता कापून आणि वरची कड उंचावून घेतल्यावर पहिल्याच दुपारी फरक दिसला.

आता डोळ्यांबद्दल. दोन्ही हात पुढे करून तळव्यांच्या मध्ये एक लहान त्रिकोणी फट ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून दूरचे घड्याळ पाहा. मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना घड्याळ फटीतच राहते, तो प्रबळ. तुम्ही उजव्या खांद्यावर बंदूक लावली आणि डावा डोळा प्रबळ असला, तर नळी एकीकडे रोखलेली असते आणि मेंदू दुसरीकडून पाहत असतो. मार काही फूट डावीकडे जातो. तुमचे प्रशिक्षक बरोबर सांगत आहेत. एकाच सत्राची सवय आहे तोवर खांदा बदला.

पाऊलवाट

माळढोक यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. मी न्यू जर्सीत 9 वर्षे स्कीट खेळते आहे. माझीही अवस्था हीच, उजवा हात आणि डावा डोळा. 51 व्या वर्षी मी खांदा बदलून पाहिला. बंदूक वर उचलणे, चकतीबरोबर नळी फिरवणे, चाप ओढणे यांतले काहीच अंगात मुरलेले नसल्यामुळे मला प्रत्येक हालचाल मोजून करावी लागे, आणि चकती तोवर निघून गेलेली असे. शेवटी नेमबाजीच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर, नळीकडे पाहताना बाहुली येते त्या नेमक्या जागी, धूसर चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला. दोन्ही डोळे उघडे राहतात, प्रकाश येतो, अंतराचा अंदाजही बराचसा टिकतो. फक्त नळीची दुसरी प्रतिमा पुसली जाते. काही जण चाप ओढण्याच्या क्षणी तो डोळा मिटतात, तेही चालते. डावीकडे जाण्याआधी रानजाई यांनी हे करून पाहावे, असे मला वाटते.

माळढोक

पाऊलवाट, तुमचा अनुभव मोलाचा आहे. मात्र तुम्ही खांदा बदलला तेव्हा तुमच्या अंगात उजवीकडची सवय किती वर्षांची होती, हे लिहिलेत तर तुलना नीट होईल.

पाऊलवाट

4 वर्षांची. तुमचा रोख कळला. रानजाई यांच्यापाशी मोडायला जुनी सवय नाही, हे मान्य. तरीही चिकटपट्टीला एक दुपार पुरते आणि खांदा बदलायला काही महिने लागतात, त्यामुळे क्रम मी सांगितला तोच ठेवावा.

दूरदेशी

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि हौसेने स्पोर्टिंग, म्हणजे वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या चकत्यांचा प्रकार, खेळतो. नवशिक्याला जे पटायला सर्वांत कठीण जाते ते आकड्यांत मांडतो. प्रमाणित चकतीचा व्यास 110 मिलिमीटर आणि वजन साधारण 105 ग्रॅम असते. समजा, ती तुमच्या समोरून 30 मीटरवरून, सेकंदाला 20 मीटर वेगाने आडवी जात आहे. छरे नळीतून सेकंदाला सुमारे 400 मीटर वेगाने निघतात, पण हवा त्यांना झपाट्याने मंद करते. एवढ्या अंतरावर सरासरी 300 धरली तरी पोहोचायला एक दशांश सेकंद लागतो. तेवढ्यात चकती 2 मीटर पुढे सरकलेली असते. म्हणजे चकतीवर नेमका नेम धरणारा माणूस तिच्या दोन मीटर मागे मारतो. तुमच्यापासून सरळ दूर जाणाऱ्या चकतीला मात्र जवळजवळ काहीच पुढे धरावे लागत नाही. एकाच मैदानावर या दोन्ही जाती लागोपाठ येतात, म्हणून गोंधळ होतो.

पण हा हिशेब घरी समजून घ्यायचा आणि मैदानावर विसरायचा. तिथे चकती आणि मणी यांच्यातले अंतर डोळ्यांनी मोजायला गेलात की नजर नळीवर येते. नजर नळीवर आली की हात थांबतात आणि हात थांबले की मार मागे पडतो. माझ्या पाहण्यातल्या नवशिक्यांच्या चुकलेल्या नेमांपैकी बहुतेक असे हात थांबल्यामुळे चुकलेले होते. नजर चकतीच्या पुढच्या कडेवर खिळवा, चाप ओढल्यावरही बंदूक त्याच गतीने पुढे जाऊ द्या.

कर्णवैद्य

या धाग्यात अजून कानांविषयी कुणी लिहिले नाही, म्हणून नाशिकहून लिहितो. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे; बंदूक चालवत नाही. बारा बोअरच्या बंदुकीचा आवाज क्षणभराचा असला तरी 150 डेसिबलच्या वर जातो. अशा आवाजाने अंतर्कर्णातील सूक्ष्म रोमपेशी एकदा मेल्या की त्या परत उगवत नाहीत, आणि त्या मरताना दुखतही नाही, ही यातली खरी भीती. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी तरुणपणी वर्षानुवर्षे कानांत कापूस घालून नेमबाजी केली. कापसाने असा आवाज अडत नाही. त्यांना आज नातीचे बोलणे ऐकू येत नाही, कारण मुलांचा आवाज ज्या उच्च पट्टीत असतो तीच पट्टी आधी जाते. कानात अखंड शिट्टी मात्र वाजत असते. रानजाई, कानात नीट बसणारे इअरप्लग आणि त्यांच्यावर कान झाकणारी गादी, असे दोन्ही वापरा. तुमची पाळी नसताना, मागे उभ्या असतानाही काढू नका.

रानजाई

कर्णवैद्य, मनापासून आभार. माझ्या सत्रात वरच्या गाद्या दिल्या होत्या. आतले इअरप्लग मी उद्याच घेते. माळढोक, बंदूक हाताळताना नवशिक्याकडून कोणत्या चुका होतात, हेही लिहाल का? पहिल्या दिवशी मी अतिशय घाबरलेली होते, त्यामुळे सांगितलेले निम्मे डोक्यात शिरले नाही.

माळढोक

घाबरलेला माणूस सावध असतो. पाचव्या-सहाव्या सत्राला भीती ओसरते तेव्हा जपावे. आपल्या जागेवर उभे राहून मैदानाकडे तोंड करेपर्यंत बंदूक बिजागरीत दुमडलेली आणि रिकामी असली पाहिजे, म्हणजे ती भरलेली नाही हे दुरूनही कुणालाही दिसते. चकती मागवायची हाक देण्याआधी बोट चापावर जाऊ नये. काडतूस उडाले नाही तर नळी समोरच रोखून थोडा वेळ थांबावे आणि प्रशिक्षकांना बोलवावे. आवाज नेहमीपेक्षा दबका, पोकळ आला तर पुढचे काडतूस घालण्याआधी नळीतून आरपार पाहावे, कारण काडतुसातले, छऱ्यांमागचे बूच नळीत अडकलेले असू शकते.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. वीस बोअरचे, म्हणजे बारा बोअरहून बारीक, काडतूस बारा बोअरच्या बंदुकीत चुकून गेले तर ते बाहेर पडत नाही. घसरून थोडे पुढे जाते आणि तिथे अडकते. नळी वरवर रिकामी दिसते. त्यामागे बारा बोअरचे काडतूस घालून चाप ओढला की नळी हातात फुटते. म्हणूनच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची प्रथा आहे. दोन्ही मापांची काडतुसे एका खिशात कधीही ठेवू नयेत. हे मी प्रत्येक नवीन सदस्याला सांगतो आणि पुढेही सांगत राहीन.

निळावंती

मी नेमबाजीच्या विरोधात नाही, पण एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारते. प्रत्येक काडतुसात 24 ते 28 ग्रॅम शिसे. एका फेरीची 25 काडतुसे, म्हणजे एका माणसामागे अर्ध्या किलोहून अधिक शिसे मातीत. पक्षी ते खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. एखादी गोष्ट शिकायला सुरुवात करतानाच याचा विचार करायला नको का?

माळढोक

करायलाच हवा. इंग्लंडमध्ये ठरावीक पाणथळ जागी आणि पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे वापरायला 1999 पासून बंदी आहे, आणि ब्रिटन सरकारने शिशाच्या छऱ्यांवर व्यापक निर्बंध आणण्याचे 2025 मध्ये जाहीर केले आहे. त्यामुळे आज बंदूक घेणाऱ्याने ती पोलादी छऱ्यांना योग्य आहे का, हे विचारूनच घ्यावी; जुन्या, पातळ नळ्यांच्या बंदुकांना पोलाद सोसत नाही. पोलाद शिशापेक्षा हलके असल्याने वेग लवकर गमावते, म्हणून मोठ्या मापाचे छरे घ्यावे लागतात. मात्र 30 मीटरच्या आतल्या चकत्यांवर मला व्यवहारात फरक जाणवलेला नाही. शिशाच्या काडतुसातले बूचही प्लास्टिकऐवजी तंतूंचे घेता येते, आणि अनेक मैदानांवर तेच सक्तीचे आहे. निळावंती, मी स्वतः मागच्या वर्षी पोलादी छऱ्यांकडे वळलो.

निळावंती

उत्तराबद्दल आभार. चकती म्हणजे क्ले, तेव्हा ती तरी मातीचीच असते ना?

दूरदेशी

नाही. नाव मातीचे राहिले, पण चकती डांबरासारखी राळ आणि चुनखडीची भुकटी यांची असते. हा खेळ जिवंत कबुतरांवरच्या नेमबाजीतून निघाला. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही कबुतरे मारली गेली होती, आणि इंग्लंडमध्ये पिंजऱ्यातून सोडलेल्या पक्ष्यांवर नेम धरण्याला 1921 च्या कायद्याने बंदी आली. त्यापूर्वीच पर्याय शोधले जात होते. आधी काचेचे गोळे आले. मग 1880 च्या सुमारास अमेरिकेतील सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी भाजलेल्या मातीची चपटी चकती काढली; पाण्यावर उड्या मारत जाणाऱ्या शिंपल्यांवरून त्यांना ती सुचली, असे सांगतात. भाजलेली माती मात्र इतकी टणक होई की छरे लागूनही ती फुटत नसे. म्हणून मिश्रण बदलले. आजही इंग्रजीत या खेळाच्या नावात कबूतर आहे, परंतु कबुतराची सुटका झाली, हे मला या इतिहासातले सर्वांत चांगले पान वाटते.

चारमिनार

मी मूळचा लातूरचा, नोकरीनिमित्त हैदराबादेत. भारतात सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी लिहितो, कारण महाराष्ट्रातून मला नेहमी हा प्रश्न येतो. आपल्याकडे नेमबाजी म्हटले की रायफल आणि पिस्तूल डोळ्यांपुढे येते: अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकणारे कोल्हापूर जिल्ह्यातले स्वप्नील कुसाळे. दहा मीटरची एअर रायफल एखाद्या सभागृहात शिकता येते. चकत्यांच्या मैदानाला मात्र छरे पडण्यासाठीच समोर पावणेतीनशे मीटरच्या आसपास मोकळी, निर्मनुष्य जमीन लागते. त्यामुळे आपल्या देशात हा खेळ दिल्लीचे तुघलकाबाद, पतियाळा, जयपूर, भोपाळ, हैदराबाद अशा मोजक्या ठिकाणी एकवटला आहे. महाराष्ट्रातल्या मुलामुलींना यासाठी गाव सोडावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या मराठी माणसाचा या खेळाच्या उभारणीत मोठा वाटा आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हेच 1951 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष. राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचण्यासाठी नवख्यांना आजही ज्या स्पर्धेतून जावे लागते तिला त्यांचेच नाव आहे, आणि तिच्यात शॉटगनचा स्वतंत्र विभाग असतो. वाट अशी: राज्य संघटनेशी संलग्न क्लबचे सदस्यत्व, क्लबच्या बंदुकीवर देखरेखीखाली सराव, राज्य स्पर्धा आणि मग मावळणकर स्पर्धा. शस्त्र परवान्यासाठी 21 वर्षे पूर्ण असावी लागतात. काडतुसांचा खर्च इथे बंदुकीपेक्षाही जड जातो, कारण बंदूक एकदाच घ्यावी लागते.

रानजाई, तुम्ही सरेमध्ये आहात म्हणून आणखी एक. 2002 च्या राष्ट्रकुल स्पर्धेची नेमबाजी तुमच्याच परगण्यात, बिस्लेला झाली होती, आणि राज्यवर्धनसिंह राठोड यांनी तिथे डबल ट्रॅपचे, म्हणजे एकदम दोन चकत्या सुटणाऱ्या ट्रॅपचे, सुवर्ण जिंकले होते. दोन वर्षांनी अथेन्सला त्यांनी ऑलिंपिक रौप्य मिळवले.

पाऊलवाट

मूळ प्रश्नातला प्रकारांचा भाग राहून गेला. माझे मत स्कीटच्या बाजूने आहे. अर्धवर्तुळावर आणि त्याच्या मध्यावर मिळून आठ जागा, डावीकडे उंच आणि उजवीकडे बुटके असे दोन मनोरे, आणि चकत्यांचा मार्ग दर वेळी तोच. चकती कुठून येणार हे ठाऊक असल्यामुळे नवशिक्याला स्वतःची चूक ओळखता येते. प्रत्येक जागेवरून कोन वेगळा पडत असल्याने किती पुढे धरायचे याचे शिक्षणही पायरीपायरीने होते.

बायकांनी हा खेळ जरूर शिकावा. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुष एकत्र खेळत असत, तेव्हा चीनच्या झांग शान यांनी सर्व पुरुषांना मागे टाकून स्कीटचे सुवर्ण जिंकले. त्यानंतर स्त्रियांना त्या स्पर्धेत प्रवेश बंद झाला आणि 1996 मध्ये त्यांच्यासाठी स्कीटच नव्हते. स्वतंत्र स्पर्धा 2000 मध्ये आली. हा अन्याय होता, असे मी स्पष्ट म्हणेन. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या अँबर रटर यांनी रौप्य जिंकले तेव्हा त्यांच्या बाळंतपणाला चार महिनेही झाले नव्हते.

माळढोक

मी ट्रॅपची बाजू घेतो, त्यातही इंग्लंडमध्ये खेळला जाणारा डाउन द लाइन हा सौम्य प्रकार. पाच जागा, समोर एक यंत्र, चकत्या दूर जाणाऱ्या, बंदूक आधीच खांद्याला लावून हाक देण्याची मुभा. पहिल्या बाराला, म्हणजे पहिल्यांदा चाप ओढताच, फुटली तर 3 गुण, दुसऱ्याला 2. ऑलिंपिक स्कीटमध्ये चकती दिसेपर्यंत दस्ता कंबरेपाशी ठेवावा लागतो. नवशिक्याला बंदूक उचलणे आणि चकती शोधणे अशी दोन ओझी एकदम कशाला द्यायची?

ट्रॅपचे एक उदाहरण रानजाई यांच्यासाठी. ग्वाटेमालाच्या आद्रियाना रुआनो जिम्नॅस्ट होत्या. मणक्यांच्या दुखापतीने तो खेळ सुटला आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या नेमबाजीकडे वळल्या. 2024 मध्ये त्यांनी ट्रॅपमध्ये आपल्या देशाचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकले.

पाऊलवाट

अमेरिकेतल्या क्लबांत जे स्कीट खेळतात त्यात बंदूक आधीच खांद्याला लावता येते, त्यामुळे ते ओझे इथे नाही. मात्र रानजाई यांनी आपल्या मैदानावर जे शिकवणारे सर्वांत चांगले असतील ते शिकवतील तो प्रकार निवडावा, हे मी मान्य करते.

रानजाई

साडेतीन महिन्यांनी परत लिहिते आहे. आधी पाऊलवाट यांचा सल्ला ऐकला. चिकटपट्टी लावून उजव्या खांद्यावरून दोन सत्रे केली. 25 पैकी 9 आणि 8. डोळा झाकला जाई, पण त्या बाजूने येणारी चकती मला उशिरा दिसे. मग डावा खांदा. पहिल्या सत्रात 3 फुटल्या आणि मी गाडीत बसून रडले. प्रशिक्षकांनी महिनाभर घरी आरशासमोर, काठी डाव्या खांद्यावर नेण्याचा सराव सांगितला: रोज दहा मिनिटे, डोके न हलवता काठी गालापर्यंत आणायची. पाचव्या सत्रापासून ते आपोआप होऊ लागले. परवा डाउन द लाइनच्या फेरीत 25 पैकी 16 फुटल्या आणि त्यांतल्या 11 पहिल्या बाराला. नळी मला आता दिसतच नाही. चकतीची कड दिसते, ती फिरतेय हेसुद्धा दिसते.

प्रमाणपत्र मागच्या आठवड्यात आले. क्लबच्या डाव्या बंदुका दोनच आहेत आणि दोन्हींचा दस्ता मला लांब होतो. दुकानात मात्र बहुतेक दुनळ्या उजव्या खांद्यासाठी वळवलेल्या दस्त्याच्या दिसतात. उजवी घेऊन ती वळवून घ्यावी, की डावीसाठी थांबावे?

माळढोक

थांबा. अक्रोडाचा दस्ता तेल आणि उष्णता देऊन वळवता येतो, पण लाकडाची शीर आडवी असेल तर तो तडकतो, आणि बाहेरून ते सांगता येत नाही. आमच्या क्लबातल्या एका डावखुऱ्या बाई आपली दुनळी विकणार आहेत. त्यांची उंची सव्वापाच फूट आहे आणि पोलादी छरे चालतील असा शिक्का नळ्यांवर आहे. त्या येत्या महिन्यात बिस्लेला येत आहेत. विकत घेण्याआधी तिथे तुमच्या प्रशिक्षकांसमोर ती खांद्याला लावून दोन फेऱ्या खेळून पाहा. येताना तुमची उंची, आणि कोपर काटकोनात दुमडून आतल्या वळणापासून तर्जनीच्या चापाला टेकणाऱ्या पेरापर्यंतचे माप लिहून आणा.

रानजाई

माप आत्ताच घेतले: 13 इंच आणि एक पाव. उंची पाच फूट दोन. बाईंना सांगा, मी येते.